नकाशा, गवंडी व विद्यार्थी

घर बांधावयास निघालेल्या गृहस्थाला एक गोष्ट लवकरच कळून येते. नकाशा काढणारा एक असतो, बांधकामावर उभा राहणारा दुसरा, आणि ही विद्या शाळेंत शिकविणारा बहुधा तिसराच. भिंतीला ओल आली म्हणजे पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा पहिल्याकडे. तिसऱ्याच्या कानांपर्यंत ही तक्रार जातच नाहीं. हीं तिन्ही कामें एकाच माणसानें अंगावर घेतलीं तर काय होतें, हें पाहावयाचें असल्यास बाळकृष्ण दोशी यांच्या चरित्राकडे वळावें.

दोशी यांचा जन्म १९२७ सालीं पुण्यास, लांकडी सामान बनविणाऱ्या घराण्यांत झाला. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत त्यांनीं वास्तुविद्येचा अभ्यास आरंभिला, परंतु तो पुरा न करतांच ते विलायतेस गेले आणि तेथून पॅरिसला, ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरींत. पहिले आठ महिने त्यांना वेतन नव्हतें.

खरें शिक्षण मात्र त्यापुढचें. १९५४ सालीं ते परत आले ते कॉर्बुझिएच्या अहमदाबाद येथील इमारतींवर देखरेख करण्यासाठीं. गुरु पॅरिसला आणि ठेकेदार समोर उभा, अशी ती अवस्था. त्यांतून गुरूला काँक्रीट गिलाव्याविना, उघडेंच ठेवणें प्रिय. म्हणजे लांकडी सांच्याच्या फळीची प्रत्येक रेघ इमारतीच्या अंगावर जन्मभर राहावयाची! अशा कामांत सुताराची चूक गिलाव्याखालीं झांकतां येत नाहीं. फळी कोणत्या दिशेनें बसवावी, सांधा कोठें यावा, हें कागदावर कितीहि लिहिलें तरी अपुरेंच पडतें; तें सुताराशीं व मुकादमाशीं बोलूनच ठरवावें लागतें. मिलमालक संघाच्या इमारतीच्या पश्चिम अंगास ऊन अडविणारे काँक्रीटचे तिरपे पडदे आहेत. ते पाहणाराला कॉर्बुझिएचें नांव आठवतें, आणि तें योग्यच. पण ओळंबा धरणारा हात तेथें कोणाचा होता, हें इमारत सांगत नाहीं.

१९५६ सालीं दोशी यांनीं ‘वास्तुशिल्प’ ही आपली कचेरी थाटली. पुढें १९६२ सालीं अहमदाबादेस वास्तुविद्येची शाळा निघाली, तिचे संस्थापक व पहिले संचालक तेच. ज्यानें स्वतः पदवी घेतली नाहीं त्यानें पदवीधर घडवावेत, यांत मौज आहे खरी. पण तेंच त्या शाळेचें मर्महि होतें. शाळेची इमारत त्यांचीच. विटांच्या समांतर भिंती, उत्तरेचा प्रकाश, खालीं सावलीची मोकळी जागा, आणि दारें शक्य तितकीं कमी. एका वर्गांत चाललेलें काम दुसऱ्या वर्गांतील विद्यार्थ्याला येतां-जातां दिसावें, चर्चा पायऱ्यांवर बसूनहि व्हावी, अशी ती रचना.

दोन डगरींवर पाय ठेवूं नये म्हणतात. येथें तर तीन डगरी. वर्गांत दिलेला वेळ कचेरीच्या हिशेबांत जमा होत नाहीं, आणि बांधकाम कोणाच्या व्याख्यानासाठीं थांबत नाहीं. तरीहि शाळा निघाली त्याच वर्षीं अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचें मोठें काम समोर आलें असतां, तें फिलाडेल्फियाच्या लुई कान यांना द्यावें असें दोशींनींच सुचविलें, आणि स्वतः पुन्हां दुसऱ्याच्या कामाचे सहायक झाले. असा धंदेवाईक विरळाच. १९७४ सालीं कान निवर्तले. पुढील बांधकाम अनंत राजे यांनीं चालविलें. तेहि मुंबईच्या त्याच कलाशाळेचे विद्यार्थी आणि अहमदाबादच्या शाळेंतील शिक्षक.

पुढें मानसन्मान आले. १९९५ सालीं आगाखान पारितोषिक आलें. २०१८ सालीं प्रिट्झकर पारितोषिक मिळालें, तें मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२३ सालीं त्यांचें निधन झालें. परंतु तिन्ही कामांचा मेळ जेथें दिसतो ती वास्तु म्हणजे एखादा प्रासाद नव्हे. आगाखान पारितोषिक ज्या कामासाठीं मिळालें, ती इंदूरची ‘अरण्य’ वसाहत होय. जागा सुमारें ८५ हेक्टर, घरें ६,५०० हून अधिक, माणसें ८०,०००. सर्वांना पुरीं घरें बांधून देण्याइतका पैसा नव्हता. म्हणून गरिबाला एक लहानसा तुकडा, त्यावर जोतें, संडास व पाण्याची सोय करून द्यावयाची आणि उरलेलें घर त्यानें ऐपतीप्रमाणें वाढवावयाचें, असें ठरलें. वास्तुकारानें नकाशा मुद्दाम अपुरा सोडला! मात्र घर कसें वाढवितां येईल हें दाखविण्यासाठीं ८० घरें नमुन्यादाखल बांधलीं. विद्यार्थ्याला पाठ द्यावा तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें विद्यार्थी म्हणजे गवंडी व घरमालक, आणि उत्तर चुकलें तर पावसाळ्यांत त्यानेंच भिजावयाचें.

लोकांनीं तीं घरें आपापल्या मनाप्रमाणें वाढविलीं. कोणी खोलीवर खोली चढविली, कोणी पुढल्या ओट्यावर दुकान थाटलें. मूळ नकाशांतील घर शोधूं जाणाराची तेथें निराशाच होते. दोशी यांना स्वतःला ते फेरफार मान्य होते.