नखं पाहणारी बाई

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात रहस्यकथेवर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या. हरकत नाही. ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे, त्यांनाही लोक आधी हसतातच. त्या म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल. इंग्लंडमधल्या सेंट मेरी मीड नावाच्या कल्पित खेड्यात राहणाऱ्या, अविवाहित, वयस्क बाई. हातात विणकाम. ना पद, ना पगार, ना कुठला अधिकार. १९३० साली त्या पहिल्यांदा कादंबरीत आल्या आणि एकूण बारा कादंबऱ्यांत भेटत राहिल्या.

आज मी १९४२च्या 'द बॉडी इन द लायब्ररी'बद्दल बोलणार आहे. शेवट सांगितल्याशिवाय माझा मुद्दा मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी माफ करावं.

कर्नल बँट्री यांच्या घरातल्या ग्रंथालयात एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं. सोनेरी केस, भडक रंगरंगोटी, झगमगीत झगा. प्रेत रूबी कीनचं आहे, असं तिची नात्यातली बहीण जोसी सांगते. रूबी हॉटेलात पाहुण्यांबरोबर नाचण्याची नोकरी करणारी. कॉनवे जेफर्सन नावाचे एक श्रीमंत, अपंग गृहस्थ तिला मुलगी मानून तिच्या नावे ५० हजार पौंड करणार होते. पुढे एका जळलेल्या मोटारीत दुसरं प्रेत मिळतं. ते पामेला रीव्ह्ज या सोळा वर्षांच्या गर्ल गाइडचं, असं ठरतं.

खरं उलटं असतं. ग्रंथालयातली मुलगी पामेला आणि जळालेली रूबी. खून कधी झाला याबद्दल पोलिसांची दिशाभूल व्हावी, म्हणून एका शाळकरी मुलीला सिनेमाच्या चाचणीचं आमिष दाखवून मारलेलं असतं. पैशासाठी हे करणारे दोघे म्हणजे जोसी आणि जेफर्सन यांचा जावई मार्क. त्यांनी गुपचूप लग्न केलेलं असतं.

हे मिस मार्पलना कशावरून कळलं? नखांवरून. प्रेताची नखं दातांनी कुरतडलेली होती. रूबीचं नख मात्र शालीत अडकून तुटण्याइतकं लांब होतं. पोलिसांनी झगा पाहिला, रंगवलेला चेहरा पाहिला आणि 'असल्या' मुलीचं असंच व्हायचं, हे ठरून गेलं. या बाईंनी 'कसली मुलगी' हे विचारण्याआधी मुलगी पाहिली. हा त्यांचा पहिला गुण. मुलगी हरवली किंवा मेली की आधी तिचं चारित्र्य तपासलं जातं, हे आपल्याला नवीन नाही. त्यात मुलीकडे पाहायचंच राहून जातं.

दुसरा गुण म्हणजे सांगितलेलं त्या लगेच खरं मानत नाहीत. जोसीने ओळख पटवली आणि सगळ्यांनी मान्य केली. जवळच्या माणसाचा जबाब खराच असेल, असं त्या धरून चालत नाहीत.

तिसरा गुण मला फार मोलाचा वाटतो. पामेलाच्या मैत्रिणींना पोलिसांनी प्रश्न विचारले. त्यातली फ्लॉरेन्स काहीतरी लपवते आहे, हे मिस मार्पलनी ओळखलं. कसं? खोलीतून बाहेर पडताना ती सैल झाली. घरकामाला येणाऱ्या पोरींना वर्षानुवर्षं वळण लावताना मिळालेलं हे ज्ञान. ज्याला पुरुष 'बायकांच्या चकाट्या' म्हणतात, त्यातूनच या बाईंनी माणसं वाचायला शिकलेली.

इथे माझी एक चूक सांगते. एम. एस. डब्ल्यू. करताना मुलाखतीचं तंत्र मी नीट शिकले होते. एकदा एक सून सासूबरोबर केंद्रात आली. सासूसमोरच मी प्रश्न विचारले, 'तक्रार नाही' असं लिहून घेतलं आणि फाइल मिटली. आमच्या एक वयस्क, फारशा न शिकलेल्या ताई म्हणाल्या, "अगं, ती दारात थांबली होती. चप्पल घालायला एवढा वेळ लागतो का?" आम्ही मागे धावलो. सासूला चहाला बसवलं आणि सुनेला आत नेलं. त्या दिवशी तिने पदर बाजूला करून हात दाखवला. माझ्या फॉर्ममध्ये त्या हाताला रकाना नव्हता.

चौथी गोष्ट. मिस मार्पल या प्रकरणात पडतात त्या मैत्रिणीसाठी. कर्नलबद्दल गावात कुजबुज सुरू झालेली असते. खुनी सापडला नाही तर लोक त्यांना हळूहळू टाळू लागतील आणि डॉली बँट्रीचं घर आतून पोखरलं जाईल, हे त्यांना दिसतं. निकाल न लागलेल्या प्रकरणात निरपराध माणसंही होरपळतात, याची त्यांना जाण आहे.

या बाईंचं सगळंच मला पटत नाही. खुनी फासावर जाणार याचं त्यांना समाधान वाटतं, मला तसं वाटत नाही. मुलींची 'पायरी' त्या गृहीत धरतात, त्यात त्यांच्या वर्गाचा चष्मा आहेच. पण सिनेमाचं स्वप्न पाहणाऱ्या पामेलाला त्या हसत नाहीत आणि तिला विसरत नाहीत. सगळे रूबीचा खुनी शोधत असताना पामेला कोण होती, हे त्यांनीच विचारलं.

उद्या केंद्रात कुणी आली की फॉर्म भरा, जबाब जरूर लिहा. पण त्याआधी एकदा तिच्या हातांकडे पाहा. आणि ती दारात थांबली, तर तिला परत बोलवा.