मदरबोर्ड बदलावा की इतर भाग?



विषय लहान दिसतो, पण त्यात घरोघरचा पैसा गुंतला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि शाळेतल्या, दुकानातल्या जुन्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

आमचे म्हणणे असे की, आधी दुखणे ओळखावे. संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कचा. तेथे एसएसडी बसवावी. चार जीबी रॅम अपुरी पडत असेल, तर आठ करावी. तारीख-वेळ रोज मागे जात असेल, तर नाण्याएवढा सेल बदलावा. एवढ्यासाठी बोर्डाला हात लावू नये.

कारण बोर्ड म्हणजे गाडीचा आस. तो बदलला की जुनी चाके बसतीलच असे नाही. डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही. इंटेलचे २०१७ चे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर तर, बैठक तीच दिसत असूनही, आधीच्या बोर्डांवर चालले नाहीत. म्हणजे बोर्डापाठोपाठ प्रोसेसर आणि रॅम यांचाही खर्च आलाच.

मग बोर्ड केव्हा बदलावा? तो जळाला असेल तेव्हा. अथवा विंडोज ११ वाचून काम अडते, आणि तिला लागणारे टीपीएम २.० व मान्य प्रोसेसर जुन्या बोर्डावर मिळत नाहीत तेव्हा. नुसत्या लिहिण्यावाचण्याला लिनक्सही पुरते.

कांद्याच्या पट्टीतून बाजूला काढलेला पैसा आहे हा. त्याचा हिशेब दुकानाच्या फळीवर नव्हे, घरी बसून मांडावा, एवढेच आमचे सांगणे.