स्मरण हरपलेल्यांचा हक्क



घरची म्हातारी जेवून उठते आणि पुन्हा भाकर मागते. आपण 'म्हातारचळ लागला' म्हणून हसतो. कोणी देवऋषीही गाठतो. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. थायरॉईडच्या दोषाने वा बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. म्हणून प्रथम डॉक्टरांकडे जा.

भगवान बुद्धांनी अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्षूची स्वतः शुश्रूषा केली. तीच करुणा घरात हवी. परंतु केवळ करुणेवर विसंबू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्मरणशक्तीच्या गंभीर विकारांवरही उपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे. जी माय आपला हक्क मागण्यास विसरली, तिच्यासाठी तो मागणे हे तिच्या लेकरांचे कर्तव्य आहे.

जय भीम.