लताबाईंच्या नावाचे उद्यान

नागपूरच्या पूर्व भागात सूर्यनगर येथे लता मंगेशकर यांच्या नावाचे एक उद्यान आहे. थोरांची नावे आपण रस्त्यांस देतो, चौकांस देतो. परंतु या गायिकेचे नाव बागेस देण्यात निराळेच औचित्य आहे.

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे झाला. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ निवर्तले, तेव्हा या थोरल्या कन्येस तेरावे वर्ष चालू होते. पाठीवर मीना, आशा, उषा व हृदयनाथ ही चार भावंडे. त्याच वर्षी मनाविरुद्ध तोंडास रंग लावून त्यांनी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम केले. ज्या वयात झोपाळ्यावर बसावयाचे, त्या वयात त्यांनी घराचा भार उचलला. २००१ साली त्यांस ‘भारतरत्न’ लाभले. पण हरपलेले बालपण कोणता किताब परत देणार?

म्हणूनच त्यांच्या नावाच्या बागेत मुलांच्या खेळास पहिला मान असावा. पाळणे धड असावेत, घसरगुंडीखाली वाळू असावी, फिरावयास आलेल्या वृद्धांस निवांत बाक मिळावा. ध्वनिक्षेपकावरून त्यांची गाणी कर्कशपणे वाजविणे हा मात्र त्या सुरांचा अपमानच होय. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. लहानपणीच घरासाठी राबणारी एखादी मुलगी त्यांच्या बागेत घटकाभर निश्चिंतपणे खेळली, तर ते त्यांचे उचित स्मारक ठरेल.