शिल्पविद्येची शाळा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



भगवान ऋषभदेवांनी मानवसमाजास असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आदिपुराण सांगते. यांपैकी मसि आणि वाणिज्य यांना आपल्या समाजाने पोटाशी धरले. शिल्प मात्र हळूहळू इतरांच्या हाती सोपविले. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत इमारतींची दाटी झाली, परंतु त्या इमारतींत वाढणाऱ्या मुलास भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे कसे पाहावे एवढेही ठाऊक नसते.

हे अज्ञान महाग पडते. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपर पश्चिमेस सिद्धी साई ही इमारत कोसळून 17 जणांचे प्राण गेले. तळमजल्यावरील फेरबदलांत आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. त्याचा निवाडा करणे न्यायालयाचे काम. परंतु खांब भार वाहतो आणि मधली भिंत पुष्कळदा केवळ आडोसा करते, हा भेद किती घरांत ठाऊक असतो? स्वयंपाकघर मोठे करण्याच्या हौसेत छिन्नी कोठे चालते आहे, याची चौकशी करणारा घरात एक तरी असावा.

या विषयाचा महाराष्ट्रातील सर्वांत मोलाचा प्रयोग ज्यांनी केला, त्यांचा संबंध आपल्या अंधेरीशीच होता. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे पीएच.डी. आणि अंधेरी येथील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ शास्त्रज्ञ. प्रतिष्ठेची ती नोकरी मुदतीआधीच सोडून ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी पत्नीसह राहावयास गेले, आणि 1983 मध्ये त्यांनी तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुद्दाम कोरडवाहू गाव निवडले, कारण जे तेथे जमेल ते देशात इतरत्रही जमेल, असा त्यांचा हिशेब होता. 2003 मध्ये त्यांचे निधन झाले. आश्रमाचे काम मात्र थांबले नाही.

शाळा अर्धवट सोडलेल्या मुलास ‘ढ’ म्हणणे कलबागांना मान्य नव्हते. पुस्तकातून न शिकणारे मूल काम करता करता उत्तम शिकते, ही त्यांची धारणा होती. आपल्याला त्यात नवल वाटू नये. पेढीवर बसलेला दहा वर्षांचा मुलगा ताग्याचा पोत बोटांनी ओळखू लागतो, तो काही व्याख्यान ऐकून नव्हे. पाबळच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आखला गेला. आठवड्यातील एक दिवस कामाचा. बांधकाम, सुतारकाम व जोडकाम, ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे विषय. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानेही त्यास मान्यता दिली. शिकविणारे बहुधा स्थानिक कारागीर. गावातील खरी कामे विद्यार्थ्यांनी करावीत, साहित्य व मजुरी यांचा अंदाजखर्च आधी मांडावा आणि काम झाल्यावर तो ताळ्याशी जुळवावा, ही पद्धत. वाणिज्य शाखेच्या कितीक पदवीधरांना खर्चाचा असा जिवंत ताळा कधी भेटत नाही!

लोखंडी त्रिकोणांचा सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा, असे घुमटाकार घर पाबळला विकसित झाले. 1993 च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर तशी घरे भूकंपग्रस्त भागात उभी राहिली.

एका भिंतीत किती अभ्यास सामावतो ते पाहा. कोपरा काटकोनात आणावयाचा तर दोरीवर 3, 4 आणि 5 फूट मोजून त्रिकोण ताणावा. पायथागोरसाचा सिद्धांत तेथे घाम गाळताना पटतो. 10 फूट लांब, 10 फूट उंच आणि 9 इंच जाड भिंत म्हणजे 75 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास होतो. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते. म्हणून नव्या बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. हे पाठ करणारे मूल विसरेल, पाणी मारणारे विसरणार नाही.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला आहे : ‘आमच्या मुलाने थापी धरायची काय?’ मुलगी असेल तर स्वर आणखी एक पट्टी चढतो. शिकणे आणि राबविले जाणे यांतील अंतर अर्थातच सांभाळले पाहिजे. चालू बांधकामाच्या परांचीवर विद्यार्थी चढता कामा नये. परंतु पालकांच्या मनातील अडचण बहुतेक वेळा सुरक्षिततेची नसून प्रतिष्ठेची असते. समाजातील शिष्यवृत्त्या वैद्यकीय आणि व्यवस्थापन शाखांसाठी सढळपणे दिल्या जातात. गवंडीकाम, नळकाम वा वीजजोडणी शिकू पाहणारा होतकरू मुलगा आपल्या अर्जाच्या नमुन्यात कोठे बसतो, हे विश्वस्तांनी एकदा तपासून पाहावे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. उपनगरांतील शाळांपुढे प्रश्न उरतो जागेचा. त्यासाठी फार मोठे आवार लागत नाही. धर्मशाळेच्या वा वसतिगृहाच्या मागील अंगणाचा एक कोपरा, एक अनुभवी गवंडी, ओळंबा, पाणसळ, गुण्या, चार थाप्या आणि काही शे विटा पुरतात. सरावाची भिंत मातीच्या गाऱ्यात बांधावी. म्हणजे तपासणी झाल्यावर ती उतरविता येते आणि त्याच विटा पुसून पुढच्या शनिवारच्या तुकडीसाठी रचून ठेवता येतात.