ब्रेक निकामी झाला, दोष कोणाचा?



आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ व्यापारावर चालतो आणि व्यापार चालतो मालमोटारींवर. कापडाची गाठ इचलकरंजीहून निघो वा सुरतेहून, कोणा अनोळखी चालकाच्या भरवशावरच ती आपल्या दुकानापर्यंत पोहोचते. म्हणून ‘ब्रेक निकामी होऊन ट्रकचा अपघात’ अशी बातमी येते, तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न आपल्याशीही निगडित असतो.

अशा वेळी समाजात दोन मते दिसतात. एक म्हणते, चालकच बेफिकीर. दुसरे म्हणते, यंत्राने दगा दिला, बिचारा चालक काय करणार? हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत.

प्रथम यंत्राचा विचार करू. अवजड ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर पुरवितो. लांब उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, तर इंजिनच वेगाला आवर घालते. ती न्यूट्रल केली, की सारा भार ब्रेकवर येतो. घर्षणाने ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरची पकड सुटते. इंजिन बंद केले, तर टाकीतील हवाही दर वेळी ब्रेक दाबताना घटत जाते. शिवाय, तापून निकामी झालेला ब्रेक थंड झाल्यावर पुन्हा लागू शकतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ब्रेक लागला, एवढ्यावरून चालक खोटा ठरत नाही. आणि उतारावर तो लागला नव्हता, एवढ्यावरून निर्दोषही ठरत नाही.

दि. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका अवजड वाहनाने ४८ वाहनांचे नुकसान केले. प्रारंभी ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. पुढे प्राथमिक तपासात, चालकाने उतारावर इंजिन बंद करून वाहन न्यूट्रलमध्ये सोडल्याचे समोर आले. कारण काय, तर इंधनाची बचत!

परंतु प्रत्येक प्रकरण असे नसते. लायनर झिजलेले असतील, हवेची नळी गळत असेल, मालकाने दुरुस्ती पुढे ढकलली असेल, तर केवळ चालकाकडे बोट दाखविणे अन्यायाचे होय. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मिनू मेहता प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. यांत्रिक बिघाडाची सबब सांगणाऱ्या मालकाने, तो दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही आढळला नसता, हे दाखवून दिले पाहिजे. नुसते ‘ब्रेक फेल झाला’ म्हणून सुटका नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करता येते. जादा भाराबाबत कलम ११३ म्हणते, की चालक स्वतः मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने वा आदेशाने घडला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ती भोगण्याची वेळ बहुधा स्टिअरिंगवर बसलेल्या माणसावरच येते.

म्हणून निवाडा करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये होती? बिघाड आधी जाणवला होता काय, आणि चालकाने सांगितल्यावर मालकाने काय केले? वजनकाट्याची पावती काय म्हणते? चालकाला विश्रांती मिळाली होती काय?

आणि एक प्रश्न आपल्यासाठी. एका खेपेत दोन खेपांचा माल भरा, भाडे कमी करा, उद्या सकाळी माल पोहोचलाच पाहिजे, असा आग्रह धरणारे कोण असतात? कायद्याच्या कागदांत माल मागविणाऱ्याचे नाव क्वचितच येते. परंतु भाड्यातून कापलेला प्रत्येक रुपया कुठून तरी वसूल होतो. कधी तो झिजलेल्या लायनरमधून होतो, तर कधी उतारावर बंद केलेल्या इंजिनातून.

दोषी चालकाला पाठीशी घालावे, असे माझे म्हणणे नाही. इंजिन बंद करणाऱ्याने इतरांचे प्राण पणाला लावले, हे निर्विवाद आहे. मात्र दोष ज्याचा जेवढा, तेवढाच त्याच्या खाती मांडावा. जमाखर्चाची ही शिस्त आपण व्यापारी जाणतोच. ती माणसांच्या बाबतीतही पाळावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.