मिठाचा हिशोब

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका आरोग्य सखीनं केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आहारावर बोलायला सांगितलंय. म्हंजे आता ही बाई फळं खा, दूध प्या सांगणार, असं वाटलं असेल. मी फक्त मिठावर बोलणार आहे. सुरुवात माझ्या थोरल्या जाऊबाईंपासून करते. त्यांना विचारूनच करतेय.

दोन वर्षांमागं सकाळी भाकरी थापताना त्यांचा उजवा हात गळाला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. वय ४६. घरात सगळे म्हणाले, वारं गेलं. तेल चोळलं, झाडपाल्याचं औषध देतात तिथं नेलं. दवाखान्यात पोचलो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. वरचं बीपी २०० च्या पुढं! डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. गटातून ५० हजारांचं कर्ज काढलं, त्याचे हप्ते अजून चाललेत. हात अजून पुरता उचलत नाही.

म्हणून आधी हे ऐका. तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन लावायचा. तेल चोळत बसायचं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, बीपी कधीपासून आहे? आम्हाला कुठं ठाऊक! कधी मोजलंच नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. बहुतेकांना बीपीचं काहीच जाणवत नाही, तिथंच फसगत होते.

मग विचारलं, जेवता काय? आता खरं सांगा, आपण कधी जेवतो? कारभारी, पोरं, सासू-सासरे सगळे उठल्यावर. तोवर भाजीचं पातेलं पुसलेलं असतं. मग भाकरीवर ठेचा, शेंगाची चटणी, लोणच्याचा खार, नाहीतर तोंडी लावायला पापड. रानात नेतो तेही तेच. घरात सगळ्यांत कमी भाजी आपल्या वाट्याला आणि सगळ्यांत जास्त मीठ पण आपल्याच वाट्याला. जाऊबाईंचं असंच चाललं होतं, वीस वर्षं. शिवाय सकाळ-संध्याकाळ मिश्री. तंबाखूनंही रक्तवाहिन्या आवळतात, पण त्यावर बोलले तर निम्म्या उठून जातील, ते पुढच्या वेळी.

मीठ करतं काय? ते अंगात पाणी धरून ठेवतं. तेवढंच पाणी रक्तात वाढतं आणि नळ्यांवर दाब चढतो. ठिबकला मोटरीचा दाब जादा झाला की जोड निसटतो, नळी फुटते. शेतातली नळी बदलता येते. अंगातली नळी वर्षानुवर्षं दाब सोसून कडक होते, हृदयाला जोर लावून लावून थकवा येतो, आणि एक दिवस मेंदूत नाहीतर हृदयात काहीतरी अडतं किंवा फुटतं. पालेभाजी, डाळ, केळं यांत पोटॅशियम असतं, त्यानं जादाचं मीठ लघवीवाटे बाहेर पडतं. म्हंजे पातेल्यातली शेवटची भाजी आपल्याला मिळणं हे नुसतं लाडाचं नाही.

किती मीठ चालतं? माणशी दिवसाला ५ ग्रॅम, सपाट एक चमचा, त्यातच लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. मी आमच्या घरचा हिशोब मांडला. सहा माणसं, महिन्याला एकेक किलोचे दोन पुडे. म्हंजे माणशी ११ ग्रॅम, आणि दुकानातली वेफरची पाकिटं वेगळीच! बचतीचा रुपया न रुपया लिहिणारी मी, हे कधी मोजलं नव्हतं.

आता पुडा जवळजवळ महिना पुरतो. सहा महिने लागले. एकदम कमी केलं असतं तर ताट माझ्याच अंगावर आलं असतं. पहिल्यांदा ताटातलं वरचं मीठ बंद केलं, मग भाकरीच्या पिठातलं आणि भातातलं. चटणीत जिरं, लिंबू वाढवलं. जिभेला थोड्या दिवसांनी सवय होते. सासूबाई आठवडाभर कुरकुरल्या, आता त्यांनाच बाहेरचं खारट लागतं. सैंधवानं वाचता येत नाही बरं का, तेही मीठच. आयोडीनचंच वापरा, फक्त कमी.

आता तुम्ही विचाराल, आपला गटच पापड-लोणची विकतो, त्याचं काय? मलाही नीट उत्तर नाही. लोणच्यात मीठ कमी केलं तर बुरशी येते. पापडखारातही मिठासारखाच सोडियम असतो. धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही, हप्ते कशानं भरायचे? पण आपल्या घरी लोणच्याची एकच फोड, खार नाही, आणि पापड रोज नाही, एवढं तर जमेल. वडे-भजी करणाऱ्यांनी काळं पडलेलं तेल फेकून द्यावं, त्यातच नवं ओतू नये.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं उपकेंद्रात बीपी मोजून घ्या, पैसे लागत नाहीत. १४०/९० किंवा वर आलं तर पुन्हा मोजायला जा. गोळी सुरू झाली की बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका.

पुढच्या सभेला येताना आपल्या घरात माणसं किती आणि महिन्याला मीठ किती, एवढं लिहून आणा. सचिव ताई रजिस्टरमध्ये रकाना आखतील. जाऊबाई मागं बसल्यात. त्यांच्या घरचा आकडा त्या स्वतः सांगतील, आता बोलणं बरंच सुधारलंय.